पळसोडे ते सुरत, जलमार्गे

१२ मार्च १९३५, पळसोडे

आजपासून ही रोजनिशी. मोठ्या कामांची हकिगत मागाहून भलतेच लोक लिहितात आणि तीत हटकून चुका करतात, म्हणून मी माझी आधीपासूनच लिहून ठेवीत आहे.

काम असे. येथून दहा कोसांवरचा पूर्णेचा पूल बांधून झाल्यावर कंत्राटदाराने आपली मोठी लाकडी नाव आमच्या घाटावर पालथी टाकून दिली होती. दोन पावसाळे ती तशीच पडली. शेळ्या तिच्या सावलीला बसत. काल मी ती ताब्यात घेतली. येत्या पावसाळ्यात नदी भरली की मी या नावेतून निघणार. पूर्णेने चांगदेव, तेथून तापीने भुसावळ, आणि पुढे तापी नेईल तिथवर, म्हणजे सुरत. तेथे समुद्र आहे. आमच्या देशमुखांच्या सात पिढ्यांत समुद्र कोणी पाहिलेला नाही.

यात व्याही भगवंतराव यांच्या त्या वाक्याचा काही संबंध नाही. ते वाक्य त्यांनी दोन वर्षांमागे, आमच्या वच्छलेच्या लग्नानंतरच्या जेवणात, भर पंगतीत, हातातला लाडू खाली न ठेवता उच्चारले : "रंगराव देशमुख बोलते लय. करत काई नाई." मी ते विसरलो आहे. वच्छला आमची एकुलती एक लेक, उमरवाडीस दिलेली. उमरवाडी नदीच्या पलीकडल्या काठावर. आमच्या घाटावरून त्यांच्या दारचा निंब दिसतो. त्या पंगतीनंतर मी नदी ओलांडलेली नाही आणि घरातल्या कोणास ओलांडू दिलेली नाही. पण त्याचा आणि सुरतेचा संबंध नाही.

१४ मार्च

शालिग्राम सुतारास नाव दाखवली. गाड्यांच्या चाकांत याचा हात धरणारा तालुक्यात नाही. त्याने नावेभोवती दोन फेऱ्या मारल्या, एके ठिकाणी बोट घातले, ते पलीकडून निघाले.

"मालक, ह्याच्यात फळ्या कमी अन् भेगा जास्त हायेत."

"किती दिवस लागतील?"

"धरून बसलं तं महिनाभर."

धरून बसणे हाच आमच्या लोकांचा दोष. नुसत्या कामाने माणूस थकतो आणि थकलेला माणूस समुद्रावर काय कामाचा? मी रीतसर वेळापत्रक आखले. सात ते नऊ दुरुस्ती. नऊ ते अकरा विसावा आणि विचारविनिमय. मग जेवण, वामकुक्षी. चार वाजता झालेल्या कामाची पाहणी, पुढे दिवेलागणीपर्यंत करमणूक. दुरुस्ती आणि विश्रांती यांचा तोल साधला की निम्मा प्रवास झालाच. शालिग्रामने वेळापत्रक ऐकले आणि विचारले, "मंग काम कोन्या वक्ताले करू?"

नावेचे नाव ठेवले 'समुद्रविजय'.

२ एप्रिल

ऊन फार, म्हणून मध्यंतरी लिहिले नाही. नाव सुलटी करून घाटावरच्या चिंचेखाली आणली, वर तुराट्यांचा मांडव घातला, आत गादी टाकली. नदीकडून वारा येतो. दुपारी घरापेक्षा येथे झोप चांगली लागते.

मंडळी मिळाली आहेत. वामनराव, पेन्शनीत निघालेले मास्तर, यांना मी दिशादर्शक नेमले. त्यांच्याकडे शाळेतला जुना नकाशा आहे. तो खानदेशाच्या अलीकडेच फाटला आहे, परंतु त्यांचे म्हणणे, पुढचा मार्ग नदीला ठाऊक असतोच. दुसरे किसनराव, आमच्याच भावकीतले. ते कोठारप्रमुख. प्रवासात कोणता पदार्थ किती दिवस टिकतो याची ते परीक्षा घेत आहेत. चिवडा टिकला नाही. तिसऱ्या दिवशीच संपला.

अकरा ते एक पत्ते होतात. गावात कोणी चावट माणसाने नावेला 'देशमुखाचा पलंग' म्हणण्यास सुरुवात केली आहे. कोण ते शोधीत आहे.

१९ एप्रिल

आज कारभारीशी वाद. कारभारी म्हणजे आमच्या घाटाचा नावाडी. लहानशा डोंग्यातून माणसे या काठावरून त्या काठावर नेतो, आणि त्यापलीकडे जग नाही असे समजतो. मी त्याला शिडाची योजना समजावली. लग्नातली जुनी निळी-तांबडी कनात शिवून शीड करायचे, बांबूच्या डोलकाठीस बांधायचे, वारा भरला की वल्हे मारण्याची गरज नाही.

तो विडी विझवून म्हणाला, "मालक, सुरत कोन्या बाजूले हाय?"

"पश्चिमेस."

"अन् पावसाळ्यात वारा कुठून येते?"

 पश्चिमेकडूनच येतो, हे मलाही माहीत होते, फक्त दोन्ही गोष्टी एकाच वेळी लक्षात आल्या नव्हत्या.

"म्हंजे तुमी शीड उभारलं तं नाव उलटी येईन," कारभारी म्हणाला. "सुरतेऐवजी अकोल्याले पोचसान."

हा प्रश्न मंडळाच्या बैठकीत ठेवला. वामनराव म्हणाले, वाऱ्याला विरोध असल्याशिवाय पराक्रम कसला? ठराव एकमताने पास झाला. शीड राहणार.

३ मे

आज मला समाधान वाटावे अशी गोष्ट घडली. सौ. सत्यभामाबाई प्रथमच नाव पाहण्यास आल्या. आजवर त्यांनी या उपक्रमाबद्दल चकार शब्द काढला नव्हता. आज मात्र आत उतरून त्यांनी लांबी पावलांनी मोजली, फळ्यांवर हात फिरवला.

"ह्याच्यात एक बाज मावन का?"

"दोन मावतील," मी म्हणालो.

"अन् आडवं निजलेल्या मानसाले धक्के बसतीन का?"

सुरतेपर्यंत मला पाठदुखी होऊ नये ही त्यांची काळजी पाहून माझे मन भरून आले. मी त्यांना सांगितले की पाणी शांत असले तर पाळण्यात निजल्यासारखे वाटते. त्या बराच वेळ पलीकडच्या निंबाकडे पाहत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "वच्छीले सहावा लागन आता. पहिलं बाळंतपन माहेरी होते. पावसाच्या आंदी आना लागन तिले."

मी म्हणालो, "सुरतेहून आल्यावर पाहू."

"तुमी सुरतेहून येईपर्यंत ते पोट थांबनार हाय का?"

 पत्त्यांची वेळ झाली होती.

२१ मे

वेळापत्रकाचा विजय! सकाळी पाहणी केली तेव्हा डाव्या कुशीच्या सगळ्या भेगा अंबाडीचा काथ्या आणि राळ भरून बुजवलेल्या आढळल्या. दोन फळ्या नवीन. मोताळ्याच्या बाजारातून आणलेले डांबर तळाला लागलेले. आणि हे सर्व रोज दोनच तासांच्या कामात! विश्रांतीने कामाचा झपाटा कसा वाढतो, याचे हे उदाहरण मी मलकापूरच्या वाचनालयात व्याख्यान देऊन मांडणार आहे.

शालिग्राम मात्र हल्ली सकाळी सुस्त असतो. जांभया देतो. आज विचारले, दुपारी झोपत नाहीस काय? म्हणाला, "नाई जी, दुपारी कुठली झोप." हाच तर मुद्दा! तो विसावा घेत नाही म्हणून थकतो. मी दुपारी नावेच्या मांडवातून उठून घरी माडीवर झोपू लागलो, कारण सौ. म्हणाल्या की नदीकाठचा वारा बाधतो. झोप चांगली लागते. लांबून कुठेतरी ठोकल्यासारखा आवाज येत असतो, पण गावात कोणाचे ना कोणाचे काही ठोकणे चाललेलेच असते.

९ जून

नाव पाण्यात सोडून पाहिली. डोहात पाणी कमरेच्या वर होते. कारभारी आणि शालिग्राम आत बसले. नाव तरली. एक थेंब आत आला नाही. काठावर चाळीसेक माणसे होती. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी हात जोडून त्या स्वीकारल्या.

"मालक, बसा ना!" कारभारी ओरडला.

मी म्हणालो की कप्तानाने पहिल्या चाचणीत बाहेरून निरीक्षण करायचे असते.

खरे कारण फक्त येथे लिहितो. नऊ वर्षांचा असताना मी याच डोहात पडलो होतो. वडिलांच्या गड्याने केसांना धरून काढले. तेव्हापासून गुडघ्यापुढच्या पाण्यात मी पाऊल टाकलेले नाही. कारभारीच्या डोंग्यातून वच्छलेच्या लग्नाला गेलो तेव्हा सगळी नदी डोळे मिटून ओलांडली, आणि लोकांना वाटले, देशमुख जप करतात.

मग सुरतेस कसा जाणार, असे कोणी विचारील. मीही विचारतो. रोज सकाळी वाटते की होईल. दुरुस्ती अजून शिल्लक आहे, तोवर सवय होईल. आता दुरुस्ती फारशी शिल्लक नाही, हे आज प्रथमच ध्यानात आले, आणि आनंद व्हायला हवा होता तसा झाला नाही. संध्याकाळी शालिग्रामला सांगितले की नावेला रंग द्यावा. दोन हात.

१८ जून

जावई शेषराव आले. मी नावेत गादीवर होतो, हातात पाने चांगली होती. जावई मांडवाबाहेर उभे राहिले, पायांना चिखल, वर पाऊस.

"मामाजी, वच्छीले सातवा लागून गेला. मायजवळ जातो, मायजवळ जातो, येवढंच म्हनून राह्यली. घेऊन येऊ का मी? का मामींले धाडता?"

जावई भला माणूस आहे. पण तत्त्वाचा प्रश्न होता. मी म्हणालो, "तुमच्या वडिलांनी स्वतः यावे आणि तो शब्द परत घ्यावा. मग आनंदाने."

"कोनता शब्द?"

मी सांगितला. पंगत, लाडू, सगळे.

शेषरावांनी तोंडावरचे पाणी पुसले. "बाबांले ते आठवत बी नसन, मामाजी."

हे मला मूळ शब्दापेक्षा जास्त लागले. दोन वर्षे मी ज्यासाठी झोपलो नाही (दुपारी सोडून), ते त्यांना आठवतही नाही! मी म्हणालो, "आधी सुरत. सुरतेहून आलो की ते आपोआप आठवेल त्यांना."

जावई पाणी न पिता गेले. किसनरावांनी उतारी केली. मी तो डाव जिंकलो.

२२ जून

सौ. चार दिवस माझ्याशी बोललेल्या नाहीत. जेवण वाढतात, उठून जातात. आज शालिग्रामशी मात्र ओट्यावर अर्धा तास बोलत होत्या. मी गेल्यावर दोघे गप्प. बहुधा माझ्यासाठी बाजेची व्यवस्था गुपचूप करीत असाव्यात. राग आला तरी बायकांचे मन असे असते.

७ जुलै

बुलढाण्याहून कचेरीचे पत्र आले. मी मध्यप्रांत व वऱ्हाडच्या सरकारकडे जलप्रवासाची परवानगी मागितली होती. उत्तर दोन ओळींचे : या जिल्ह्यापुरती हरकत नाही, पुढे आमचा संबंध नाही. वामनरावांनी ते चौकटीत बसवले. नावेला हिरवा रंग झाला. पांढऱ्या अक्षरांत 'समुद्रविजय' लिहिले. डोलकाठीला मी स्वतः दोन दिवस तेल चोळले. या सर्व दुरुस्तीत ते एक काम माझ्या हातचे आहे, आणि खरे सांगायचे तर त्या दोन दिवसांत मला पत्त्यांची आठवण झाली नाही.

नदीला पाणी चांगले आहे. निघण्यास हरकत नाही, असे कारभारीने न विचारता सांगितले.

२ ऑगस्ट

निघण्याचा दिवस आजवर चार वेळा ठरला. एकदा अमावास्या निघाली. एकदा वामनरावांना पडसे. एकदा किसनरावांच्या घरी मुलगी पाहायला पाहुणे. चौथ्या वेळी काहीच अडचण नव्हती, म्हणून मंडळी जरा गोंधळात होती. इतक्यात मलकापूरच्या वाचनालयाचे बोलावणे आले की प्रस्थानापूर्वी आपला जाहीर सत्कार करू इच्छितो, दिनांक २४ ऑगस्ट. सत्काराआधी निघून जाणे म्हणजे सत्कार करणाऱ्यांचा अपमान. सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकला. मीही.

२३ ऑगस्ट

तीन दिवस पावसाची झड. नदीचा रंग बदलला आहे, लाकडे वाहून येत आहेत. उद्या पहाटे छकड्याने मलकापूरला निघायचे. जरीचा रुमाल काढला.

सौ. बऱ्याच दिवसांनी आपण होऊन बोलल्या. नाव साखळीने चिंचेला बांधलेली असते आणि कुलपाची किल्ली माझ्या कडदोऱ्याला.

"किल्ली ठेवून जा. पानी चढलं तं नाव वर ओढा लागन."

केवढे हे भान! मी किल्ली दिली. त्यांनी ती घट्ट मुठीत धरली. मग म्हणाल्या, "नका जाऊ उद्या. पोरीचे दिवस भरत आले. मले बरं वाटून नाई राह्यलं."

"वाचनालयाने कार्डे छापली आहेत," मी म्हणालो. त्या किल्ली घेऊन आत गेल्या. मग रुमालाला अत्तर लावले.

२५ ऑगस्ट, मलकापूर

काल सत्कार झाला. हार, तुरे, फोटो. अध्यक्षांनी मला 'वऱ्हाडचा दर्यावर्दी' म्हटले. मी पाऊण तास बोललो. वाऱ्याचे शास्त्र, विश्रांतीचे महत्त्व, समुद्राचे स्वरूप. टाळ्या पडल्या. मागच्या बाकावर एक म्हातारे गृहस्थ होते, कोकणातून नोकरीसाठी इकडे आलेले. ते उभे राहिले आणि नम्रपणे म्हणाले, "देशमुख, आपण नावेत बसून आजवर कोठकोठे गेलात?"

मी म्हणालो, "सध्या तयारी चालू आहे." लोक हसले. विनोद म्हणून हसले असावेत.

तेवढ्यात एक माणूस भिजून आत आला : पूर्णेला महापूर, नाल्यांवरून पाणी, गाड्या बंद. सभेतले सगळे लोक माझ्याकडे वळले. अध्यक्ष आनंदाने म्हणाले, "आता देशमुखांना कोण अडवणार! त्यांना पुराचे काय!" पुन्हा टाळ्या. मी गळ्यातला हार काढून टेबलावर ठेवला.

आजही रस्ता बंद. धर्मशाळेच्या ओसरीत बसून हे लिहितो. वामनराव आणि किसनराव पत्ते खेळत आहेत. मला बोलावले, मी गेलो नाही. पळसोडे उंचावर आहे. उमरवाडी सखल आहे.

२६ ऑगस्ट, पळसोडे

दुपारी पोचलो. शेवटचे दोन कोस चिखलातून पायी.

नाव नाही. चिंचेखाली साखळी पडलेली, कुलूप उघडे, आणि माझी तेल चोळलेली डोलकाठी बाजूला काढून ठेवलेली. घरी सौ. नाहीत. चूल गार.

शालिग्राम घाटावर बसला होता. मी ओरडलो, "माझी नाव कोणी नेली? कोणाच्या परवानगीने?"

तो उठलाही नाही. "मालकीनबाईनं नेली."

मग त्याने सांगितले ते जसेच्या तसे लिहितो. परवा, मी छकड्यात बसलो त्याच सकाळी, पलीकडच्या निंबावर कोणीतरी पांढरे धोतर बांधले. सौ. आणि शेषराव यांच्यात तशी खूण ठरलेली होती. वच्छलेला कळा सुरू झाल्या होत्या. उमरवाडीच्या तिन्ही बाजूंनी पाणी, सुईण मिळेना. कारभारीचा डोंगा पुरात वाहून गेलेला. सौ.नी कारभारीला उठवले, आमच्या गावची सुईण झुंबरबाई हिला घरून आणले आणि कुलूप काढले.

"कारभारी म्हने, बाई, पानी पाहा, माहं मन नाई धजत. बाई म्हनल्या, नाव चांगली हाय का नाई तेवढं सांग. तो म्हने, नाव एक नंबर हाय. बाई म्हनल्या, मंग बस."

"नाव चांगली का आहे," शालिग्राम पुढे म्हणाला, "तं मी उन्हाळाभर दुपारची ठोकली म्हनून. तुमी निजले की बाई मले बलवून आनत. आठव्यात पोरीले बाजेवर निजवून इकडं आनाचं, असं बाईच्या मनात होतं. बाजेचे खुंटे बी ठोकले मी. पन जावयाचे बाबा म्हनले, देशमुखाच्या तोंडून होकार आला तरच सून धाडतो. अन् तुमी काई होकार देल्ला नाई."

मी त्याला विचारले की हे मला आधी का सांगितले नाही. तो म्हणाला, "तुमी कवा जागे होते?"

प्रथम मला फार राग आला. दोन तास राग होता. कप्तानाच्या संमतीवाचून, सत्काराच्या दिवशी, इत्यादी. मग तो कोठे गेला कळले नाही. घाटावर बसून आहे. पलीकडचा निंब दिसतो. त्याच्यावर धोतर नाही. याचा अर्थ काय, ते शालिग्रामला माहीत नाही. पोचले का, तेही माहीत नाही.

२७ ऑगस्ट

पाणी तसेच. मधून म्हशी वाहत गेल्या. काठावरून हाका मारल्या, आवाज पलीकडे जात नाही.

वामनराव आले, मनाला विरंगुळा म्हणून पत्ते घेऊन आले होते. मी त्यांना परत पाठवले.

जूनमध्ये नदी गुडघाभर होती. शेषराव पायी चालत आले होते. चालत.

२८ ऑगस्ट

सकाळी पाणी चार हात उतरले. दहाच्या सुमारास हिरवी नाव दिसली. कारभारी एकटाच होता. तो काठाला लागेपर्यंत मी पाण्यात कधी उतरलो ते मला समजले नाही. गुडघ्यापर्यंत भिजलो होतो.

"पोरगी झाली," तो म्हणाला. "पायाळू. दीड दिवस अडली होती. झुंबरबाईनं हात देल्ला म्हनून वाचल्या दोघी. मालकीनबाई पन हालल्या नाई वच्छीच्या उशापासून. मी झुंबरबाईच्या औषधाची थैली न्याले आलो." आणि मग, दुसरीकडे पाहत, "चालता का?"

मी नदीकडे पाहिले. तपकिरी पाणी, भोवरे. मी म्हणालो, "कारभारी, मला पाण्याची भीती वाटते."

"हाव. माहीत हाय सगळ्याइले."

"सगळ्यांना?"

"चाळीस वर्सांपासून. केसाले धरून काढलं होतं ना, ते माह्या बापानं पाह्यलं. बसा. मधी बसा. काठ धरू नका, मले धरू नका, अन् बोलू नका."

मी बसलो. तळाशी पाणी होते. एका बाजूला मोठा ओंडका लागून फळी हलली होती. त्याने मला डबा दिला आणि पाणी उपसायला सांगितले. मी उपसत राहिलो. डोळे मिटता आले नाहीत, मिटले तर डबा कोठे घालायचा ते दिसत नाही. मधल्या धारेत नाव आडवी झाली तेव्हा मी आई म्हणून ओरडलो. कारभारीने ऐकले नसल्यासारखे केले. एवढा वेळ लागला असे वाटले की तेवढ्यात सुरत आली असती. तो म्हणतो, विडीभर वेळ लागला.

पलीकडच्या काठावर भगवंतराव व्याही मांडीभर चिखलात उभे होते. त्यांनी हात पुढे केला. दोन वर्षे या भेटीसाठी मी भाषण तयार ठेवले होते. त्यातला एकही शब्द आठवला नाही. मी हात धरला आणि वर आलो. त्यांचे डोळे झोपेविना लाल होते.

"नाव कोनाची म्हनाव?" ते म्हणाले. "घाईत इचारलं बी नाई कोनी. ते नसती तं आज आमच्या घरात काय राह्यलं असतं."

मी कारभारीकडे पाहिले. तो थैली खांद्याला अडकवीत होता.

"कारभारीची," मी म्हणालो.

कारभारीची विडी तोंडातच राहिली. व्याह्यांनी मान हलवली, आणि आम्ही घराकडे गेलो.

सौ. खोलीच्या उंबऱ्यात बसल्या होत्या. आत वच्छला निजलेली, रंग गेलेला, पण मला पाहून हसली. सौ.ना मी म्हणालो, "जूनमध्ये आणायला हवी होती."

त्यांनी माझ्या भिजलेल्या धोतराकडे, मग चेहऱ्याकडे पाहिले. म्हणाल्या, "पाय पुसा." मी पाय पुसले. "बसा भिंतीले टेकून." मी बसलो. मग त्यांनी बाळाचे गाठोडे माझ्या मांडीवर ठेवले आणि म्हणाल्या, "मान सांभाळा तिची. अन् काही बोलू नका, झोपली हाय."

एकाच दिवसात दोघांनी मला बोलू नका म्हटले. मी दोन्ही वेळा ऐकले.

३ सप्टेंबर, उमरवाडी

सौ. सव्वा महिना येथेच राहणार. मी परत जातो म्हणालो, तर व्याही म्हणाले, कायले जाता, राहा. राहिलो. त्यांना दम्याचा त्रास आहे, हे मला माहीत नव्हते. खोकल्याची उबळ आली की मी पाठ चोळतो. ते लाडूचे वाक्य मी आज विषय काढून विचारले. त्यांना खरोखरच आठवत नाही. म्हणाले, "मी असं म्हनलो? मंग खरं असन." आणि दोघेही हसलो.

वाचनालयाचे पत्र आले : प्रस्थान केव्हा? वामनराव नवा ठराव मांडू पाहतात की सुरतेऐवजी आगगाडीने जगन्नाथपुरीस जावे, समुद्र तेथेही आहे. किसनरावांनी लाडू किती दिवस टिकतात ते पाहण्यास घेतले आहे.

सकाळी शालिग्रामबरोबर हललेली फळी बदलली. खिळे मी धरले. एक घाव बोटावर बसला.

१५ सप्टेंबर

सकाळी शेताची पाहणी करण्यास पळसोड्यास गेलो, संध्याकाळी परत आलो. नावेत बाजारची माणसे, एक शेळी, दोन तेलाचे डबे. कारभारीला ताप, म्हणून जाताना शेषरावांनी व येताना मी वल्हे मारले.

आज नदी दोनदा ओलांडली. नोंद करण्यासारखे काही घडले नाही.